यू यू, छू, हाड

"आणि नाडी काय सांगत होती?" कान्होबुवांनी विचारलं.

"स्वच्छ होती, बुवा. अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत स्वच्छ."

"तूच बघितलीस?"

"रोज सकाळी. डावं मनगट, तीन बोटं. माझ्याच घरात मी दुसऱ्या कोणाला कशाला बोलावीन?"

हे बोलणारा त्रिंबकशास्त्री कान्होबुवांचा सर्वांत हुशार शिष्य. घाटमाथ्यावरच्या महादेवाच्या ओवरीत बुवांपाशी बारा वर्षं राहून वैद्यकी शिकला आणि सत्तावीस कोसांवर आपल्या गावी जाऊन बसला. शास्त्र्यानं नाडी धरली की रोगी काल काय जेवला तेही सांगतो, असं लोक म्हणत. शास्त्री ते नाकारत नसे.

गेल्या फाल्गुनात त्याची बायको द्वारका गेली. छातीत गाठ होती. ती हाताला लागली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, असं गाव म्हणालं, आणि गाव खोटं बोललं नाही.

"तेव्हापासून मी कोणाच्या मनगटाला हात लावलेला नाही," शास्त्री म्हणाला. "लोक येऊन ओसरीवर बसतात. परवा एक बाई तान्हं मूल घेऊन दिवसभर बसली होती. संध्याकाळी तशीच उठून गेली. माझी बोटं थरथरतात, बुवा."

"मग माझ्याकडं काय मागायला आलास?"

"एवढंच सांगा, की ते कळण्यासारखं नव्हतंच. कोणालाच कळलं नसतं. तुम्ही म्हणालात तर मी पुन्हा हात लावीन."

बुवांनी अंगणाकडं बघितलं. बाहेर वैशाखाचं ऊन चढत होतं...

"कुत्रं कुठंय?" त्यांनी मध्येच विचारलं.

शास्त्री चपापला.

शिक्षण संपवून तो निघाला, तेव्हा बुवांनी ओवरीतलं एक पिल्लू त्याच्या उपरण्यात टाकलं होतं. 'हा तुझा गुरुबंधू. नीट सांभाळ.' शास्त्र्याला ती थट्टा वाटली. द्वारकेनं मात्र नातं खरं धरलं. नवऱ्याचा भाऊ, म्हणून ती कुत्र्याला भाऊजी म्हणायची. आधी भाऊजींना भाकरी, मग हसत हसत नवऱ्याला.

"गेलं ते," शास्त्री म्हणाला.

"गेलं, की घालवलंस?"

शास्त्र्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"बोल."

"श्रावणात त्याला एक खोड लागली. द्वारका जात्यावर बसली, धान्य निवडायला बसली, की जाऊन तिच्या डाव्या छातीशी नाक लावायचं. हुंगायचं आणि कण्हायचं. हटता हटेना. ओसरीवरचे रोगी बघायचे. हसायचे."

"ती काय म्हणायची?"

"म्हणायची, अहो, भाऊजी काहीतरी सांगताहेत."

"आणि तू?"

शास्त्री नखानं फरशी खरवडू लागला.

"तू काय म्हणायचास, त्रिंबक?"

"हाड."

"मग?"

"मग एक दिवस काठी घेतली. पाय मोडला त्याचा. नदीपलीकडं जाणाऱ्या एका गाडीवानाच्या गाडीत टाकून दिलं. द्वारका दोन दिवस जेवली नाही."

बुवांनी डोळे मिटले.

"नाडी सापासारखी सरपटते, बेडकासारखी उडते, हंसासारखी डुलते, असं मी तुला शिकवलं," ते म्हणाले. "तुला साप सापडला. बेडूक सापडला. हंस सापडला..."

"बुवा..."

"दारातलं कुत्रं तेवढं राहिलं."

शास्त्र्याच्या मानेची शीर ताठ झाली. बायको गेली होती, पण ताठा अजून पुरता गेला नव्हता.

"मी बारा वर्षं शास्त्र शिकलो, बुवा. मुक्या जनावराला काय कळतं?"

"माणसानं पहिली चूल मांडली, तेव्हा उजेडाच्या कडेला येऊन हाच बसला. तेव्हापासून आपल्याला शिकतोय. आपलं पाऊल ओळखतो. घाम ओळखतो. आपण रागावलोय हे आपल्याआधी ओळखतो. इतक्या पिढ्यांत त्याच्याशी बोलायला आपण किती शब्द शिकलो?"

बुवांनी बोट उचललं.

"मी मोजतो. यू यू. छू. हाड. ये, चाव, चालता हो. चौथा ठाऊक असेल तर सांग."

चौथा त्याला ठाऊक होता. पण तो द्वारकेचा होता. त्याच्या तोंडातून निघेना.

बुवांनी उजवा हात पुढे केला.

"बघ."

"माझी बोटं, बुवा..."

"थरथरू देत. बघ."

शास्त्र्यानं मनगट धरलं. तीन बोटं टेकवली, डोळे मिटले. थरथर हळूहळू थांबली. पहिल्या बोटाखाली काय, दुसऱ्याखाली काय, तिसऱ्याखाली काय, तो ऐकत गेला. त्याचा चेहरा सैल झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो हसला.

"स्वच्छ! विशीतल्या पोराची नाडी आहे, बुवा. शंभरी गाठाल."

"बरं."

बुवांनी हात काढून घेतला आणि ओवरीच्या मागच्या बाजूला बघून चुटकी वाजवली.

एक कुत्रं तीन पायांवर लंगडत आलं. चौथा पाय पोटाशी धरलेला. शास्त्र्यानं त्याला ओळखलं. त्यानंही शास्त्र्याला ओळखलं. ते जागच्या जागी थांबलं, शेपूट आत घेतली, मग त्याच्यापासून लांबून वळसा घालून बुवांपाशी आलं.

बुवांच्या उजव्या बरगडीखाली त्यानं नाक लावलं. हुंगलं. आणि कण्हू लागलं.

शास्त्र्यानं तो आवाज सबंध श्रावणभर ऐकला होता.

"सत्तावीस कोस तीन पायांवर आला," बुवा म्हणाले. "आठ महिने झाले. हे मात्र शिवरात्रीपासून सुरू आहे. रोज. त्याच जागी."

शास्त्र्याचा हात सवयीनं वर गेला. कुत्रं अंग चोरून आक्रसलं. पण नाक त्यानं तिथून काढलं नाही.

हात वरच राहिला. मग खाली आला. शास्त्र्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"किती दिवस, बुवा?" त्यानं विचारलं.

"मला काय ठाऊक? त्याला विचार."

शास्त्री कुत्र्यासमोर गुडघे टेकून बसला. त्यानं तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं.

"विचार ना," बुवा म्हणाले. "तीन शब्द येतात तुला."