पालूबाईचं ओलं अंडं

एक होतं घर. घराला होती भिंत. भिंतीवर पडला डाग.

घरात राहायचा मुरली. आणि मुरलीची म्हातारी आत्या. दिवाळी आली. पाहुणे येणार. मुरलीनं डागावर रंग मारला. रंगापुढे कपाट ठेवलं. म्हणाला, झालं, डाग गेला.

डाग असा जातो होय? जात नाही. कपाटामागे बसतो, आणि वाढतो.

त्याच कपाटामागे होती एक भेग. भेगेत राहायची पालूबाई. बोटाएवढी पाल. तिची होती दोन अंडी. पांढरी, गोल, वाटाण्याएवढी.

एक दिवस पालूबाई घरी आली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. बघते तर भेग ओली. एक अंडं काळं पडलेलं. मऊ झालेलं. तिनं नाक लावलं. अंडं गार होतं. आतलं पिल्लू गेलं होतं.

पालूबाई रडली. चुक चुक, चुक चुक.

मग तिनं दुसरं अंडं बघितलं. ते अजून पांढरं होतं. पण खालून ओलं होत चाललं होतं. आता रडून कसं चालेल?

पालूबाई भिंतीला म्हणाली,
"भिंती भिंती, कोरडी हो.
माझं अंडं ओलं."

भिंत म्हणाली, "मी काय हौसेनं भिजते? माझ्या पोटात पाइप गळतो. पाइप थांबेल, तर मी वाळेन."

पालूबाई गेली पाइपाकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पाइप गळत होता. टिप टिप, टिप टिप.

"पाइपा पाइपा, गळू नको.
भिंत वाळेना,
माझं अंडं ओलं."

पाइप म्हणाला, "माझा सांधा गंजला. मला कुणी विचारलं का? हरबा प्लंबर येईल, तर मी थांबेन."

पालूबाई गेली हरबाकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. हरबा खालच्या घरात भाकरी खात होता.

"हरबा हरबा, घरी चल.
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
माझं अंडं ओलं."

हरबा म्हणाला, "न बोलावता मी कुणाच्या घरात शिरत नाही. मुरली बोलवेल, तर मी येईन."

पालूबाई गेली मुरलीकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. मुरली खुर्चीत बसला होता. चहा पीत होता.

"मुरली मुरली, हाक मार.
हरबा येईना,
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
माझं अंडं ओलं."

मुरली म्हणाला, "ओल? कुठाय ओल? मला तर कपाट दिसतंय. कपाट सरकेल, तर मी बघेन. बघेन, तर मी बोलवेन."

स्वतःच ठेवलं होतं कपाट. विसरला.

पालूबाई गेली कपाटाकडे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. कपाटाला कुबट वास येत होता. पाठीवर बुरशी आली होती.

"कपाटा कपाटा, बाजूला सर.
मुरली बोलवेना,
हरबा येईना,
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
माझं अंडं ओलं."

कपाट म्हणालं, "माझीही पाठ कुजली गं. पण मला पाय आहेत ते नुसते उभं राहायला. आत्या ढकलेल, तर मी सरकेन."

पालूबाई गेली आत्याकडे. सुळुक सुळुक. आता ती दमली होती. सुळुक. सुळुक. आत्या जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"आत्ये आत्ये, कपाट ढकल.
कपाट सरकेना,
मुरली बोलवेना,
हरबा येईना,
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
माझं अंडं ओलं."

आत्याला कमी ऐकू येई. तिला एवढंच ऐकू आलं. चुक चुक.

पाल चुकचुकली की आत्या काय करायची? बोटानं जमीन वाजवायची. देवाचं नाव घ्यायची. तिची आई तसंच करायची.

टक टक. "कृष्ण कृष्ण."

आणि परत मेथी निवडायला लागली.

पालूबाईनं पुन्हा सगळं सांगितलं. कपाट सरकेना, मुरली बोलवेना, हरबा येईना, पाइप थांबेना, भिंत वाळेना, माझं अंडं ओलं.

टक टक. "कृष्ण कृष्ण."

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलं नाही.

पालूबाई घरी आली. हळूहळू आली. काळ्या अंड्याजवळ बसली. मग पांढऱ्या अंड्याजवळ बसली. आपलं पोट त्याला लावलं. पालीचं पोट गारच असतं. तरी लावलं. खालून पाणी येतच होतं. टिप टिप, टिप टिप.

तिनं कुणाला काही मागितलं नाही. नुसती रडली.

चुक चुक.

तेव्हा आत्या कपाटातून लुगडं काढत होती. गुडघे दुखत होते. एका हातानं भिंत धरली होती. पाल चुकचुकली. आता जमिनीपर्यंत कोण वाकतंय? आत्यानं बोटानं भिंतच वाजवली.

भद् भद्.

आत्याचा हात थांबला. ऐकू कमी येई, पण बोटाला कळलं. तिनं पलीकडची भिंत वाजवली. टक टक. परत कपाटाजवळची वाजवली. भद् भद्. तळहात ठेवला. भिंत गार. नखानं टोकरलं. रंगाचा पोपडा निघाला. आत पांढरी पूड. भुरभुर भुरभुर.

आत्या म्हणाली, "मुरल्या, इकडं ये. आतून भिंत मेलीय."

मग काय झालं?

आत्यानं ढकललं कपाट.
कपाट सरकलं, कर्र कर्र.
मुरलीनं बघितलं. भिंत काळी. रंगाला फोड. खाली बुरशी. आत्या म्हणाली, "दिवाळीला हेच झाकलंस होय?"
मुरलीनं हाक मारली.
हरबा आला.

हरबानं छिन्नी लावली. ठक ठक, ठक ठक. भिंत थरथरली. पालूबाई पळाली नाही. अंड्यापुढे आडवी झाली. एवढीशी पाल, केवढी ती छिन्नी.

हरबा थांबला. आत्याला बोलावून बोटानं दाखवलं. आत्यानं डोळे बारीक करून बघितलं. एक अंडं काळं. एक पांढरं. आणि मधे पालूबाई.

आत्या म्हणाली, "तूच रडत होतीस होय गं? आणि मी देवाला हाका मारत बसले." हरबाला म्हणाली, "तेवढी भेग सोड. बाकी फोड."

हरबानं भेग सोडली. बाकी फोडलं. गंजका सांधा काढला. नवा बसवला.
पाइप थांबला. टिप... टिप... गप्प.
मुरलीनं खिडकी उघडली. ऊन आत आलं. रोज आलं. खूप दिवस आलं.
भिंत वाळली.
अंडं वाळलं.

आणि एका सकाळी अंडं तडकलं. तिड तिड. आतून पिल्लू आलं. काडीएवढं. शेपटी वळवळ वळवळ.

दुसरं पिल्लू आलं नाही. भिंत वाळली म्हणून ते येत नाही. ते गेलं ते गेलं.

कपाट आता तिथं नाही. भेग तिथंच आहे. संध्याकाळ झाली की पालूबाई काळ्या अंड्याच्या जागी जाऊन बसते. पिल्लू तिच्या शेजारी बसतं. पालूबाई म्हणते, चुक चुक.

आत्या जमीन वाजवत नाही. उठते, भिंतीशी जाते. गुडघे दुखले तरी जाते. भिंत वाजवते.

टक टक.

"कोरडी आहे गं," म्हणते. "कोरडी आहे."

ओल सरली, गोष्ट विरली. आता आपल्या भिंतीला हात लावा. बोटानं वाजवा. टक टक वाजली? मग झोपा.

भद् भद् वाजली, तर आईला उठवा.