सागावरची ढोली

पाखरं आपसात घरांचे सौदे करत, त्या काळातली ही गोष्ट. एका तांबट पक्ष्याने पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीत स्वतःच्या चोचीने ढोली कोरली होती. लेक झाली तेव्हा त्याने तीच आतून ऐसपैस केली. पुढे लेक सासरी उडून गेली आणि त्याला ते घर जुनाट दिसू लागलं.

समोरच्या सागावर पोपटाची ढोली होती, उंच आणि वाऱ्याची. पोपट अदलाबदलीला एका पायावर तयार झाला.

"अहो, आधी भिंतीवर चोच मारून तरी बघा," तांबटीण म्हणाली.

"शब्द दिल्यावर ठोकून बघणं बरं दिसतं का?" तांबट म्हणाला.

नव्या घरात दोघांपुरतीच जागा होती. लागेल तशी वाढवू, असं तो ऐटीत सांगायचा.

मग लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सवयीने ती पांगाऱ्यावर उतरली आणि दारात पोपटाची पिल्लं बघून थबकली. तांबटाने तिला हाक मारून सागावर बोलावलं आणि लगेच भिंत कोरायला घेतली. पण कुठे ते वाळकं, मऊ लाकूड आणि कुठे हा जिवंत साग! चोच बोथट झाली, भुसा काही पडेना. शेवटी तो पोपटाकडे गेला.

"पिल्लं उडाल्याशिवाय घर कसं सोडू, दादा?" पोपट म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

तांबट परतला तेव्हा लेक बाहेरच्या फांदीवर अंग चोरून बसली होती.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "मी आपली सहज आले होते."