शिंपीचं तिसरं करवंद

वाचून दाखवणाऱ्या आईबाबांना आधीच सांगतो. माझी शाळा लवकर सुटली. मी टेम्पो चालवतो. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. शब्दही साधेच येतात. तेवढं सांभाळून घ्या. ही गोष्ट मी माझ्या भाचीला, ओवीला, भात भरवताना सांगितली. एकेका घासाला एकेक जण वाढत गेला. तुम्ही मोठ्यानं वाचा. 'फुस्स' आलं की तुम्हीही 'फुस्स' म्हणा.

एक होती शिंपी. एवढीशी. अंगठ्याएवढी. शिंपी म्हणजे पानं शिवणारा पक्षी. चोच सुईसारखी. शेपूट वर. ती जायची कशी? टुण टुण, भुर्र!

शिंपीला तीन पिल्लं. गोटू, छोटू आणि चिंगी. चिंगी सगळ्यात धाकटी.

शिंपीनं माकडदादाला पानांची छत्री शिवून दिली. मजुरी ठरली तीन करवंदं. पिल्लं तीन, करवंदं तीन.

माकडदादानं दोनच दिली.

"माकडदादा, तिसरं कुठंय?"

"ते कोठीत गेलं. कमाईतलं थोडं सगळ्यांच्या कोठीत जातं. त्यातूनच तर ओढ्यावर पूल झाला."

"मी तर उडत जाते!"

"आणि मी? मी काय पोहत जाऊ?"

शिंपीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण माझ्या चिंगीचं करवंद गेलं ना!"

"अगं, रडतेस काय? तुझी कमाई एवढुशी. एवढुशांचं कोठी परत देते. पण मागावं लागतं. सूर्य बुडायच्या आत. बुडाला की दार बंद!"

एक करवंद गोटूनं खाल्लं. एक छोटूनं खाल्लं. चिंगी चोच उघडून बसली.

"आई, माझं?"

"आणते हं, राणी."

टुण टुण, भुर्र!

कोठीच्या दारात बसला होता कॉम्प्युटर. चौकोनी तोंड. हिरवा डोळा.

"कॉम्प्युटरदादा, कॉम्प्युटरदादा, दार उघड. चिंगीचं करवंद मिळेना!"

"टिंग! नाव लिही."

शिंपीनं चोचीनं लिहिलं. टक टक टक.

"टिंग! झाड लिही."

टक टक टक.

"टिंग! कमाई लिही. खरी लिही."

टक टक टक. तीन करवंदं.

"सगळं बरोबर. पण तू तूच कशावरून?"

"माझ्या चोचीवरून!"

"चोच मला दिसत नाही. तुझ्या फोनवर गुपचूप आकडा पाठवतो. तो येऊन सांग. मग दार उघडतो."

टुण टुण, भुर्र!

फोन घरट्यात आडवा पडला होता. तोंड काळं. डोळे मिटलेले.

"फोनभाऊ, फोनभाऊ, आकडा सांग.
कॉम्प्युटर दार उघडेना,
चिंगीचं करवंद मिळेना!"

"नाही सांगणार! पोटात वीज नाही. दिवसभर गाणी कुणी लावली? तूच ना? तारेला वीज आणायला सांग. मग सांगतो."

टुण टुण, भुर्र!

तार झाडाला लोंबत होती. झोके घेत होती.

"तारामावशी, तारामावशी, वीज आण.
फोन आकडा सांगेना,
कॉम्प्युटर दार उघडेना,
चिंगीचं करवंद मिळेना!"

"नाही आणणार! आणू कुठून? मी नुसती वाट. वीज करते छपरावरची सूर्यपाटी. ऊन खाते, वीज देते. तिला सांग. मग आणते."

टुण टुण, भुर्र!

सूर्यपाटी छपरावर पसरली होती. अंगभर धूळ. धुळीवर कावळ्याची शी.

"पाटीकाकू, पाटीकाकू, वीज कर.
तार वीज आणेना,
फोन आकडा सांगेना,
कॉम्प्युटर दार उघडेना,
चिंगीचं करवंद मिळेना!"

"नाही करणार! माझा अवतार बघ. मला ऊन दिसतच नाही. हत्तीणीला पाणी उडवायला सांग. आंघोळ झाली की करते."

शिंपी दमली. पंख दुखले. पण चिंगीची उघडी चोच आठवली.

टुण टुण, भुर्र!

हत्तीण ओढ्याकाठी उभी होती. शेजारी तिचं बाळ. बाळ रडत होतं. भ्यांऽऽऽ!

"हत्तीणताई, हत्तीणताई, पाणी उडव.
पाटी वीज करेना,
तार वीज आणेना,
फोन आकडा सांगेना,
कॉम्प्युटर दार उघडेना,
चिंगीचं करवंद मिळेना!"

"नाही उडवणार! ऐकू येतंय ना? माझ्या गुंडूची टोपी फाटली. तिरकं ऊन डोळ्यांत जातंय. त्याला सोडून मी कुठ्ठे जाणार नाही. पानांची टोपी कोण शिवून देणार, सांग?"

शिंपी थांबली. तिनं मान वाकडी केली. मग ती खुदकन हसली.

"शिवायचंय होय? अगं ताई, ते तर माझंच काम!"

पण तेवढ्यात कोतवाल ओरडला. कोतवाल म्हणजे काळा, लांब शेपटीचा पक्षी. उंच फांदीवर बसतो. सगळ्यांना बातम्या देतो.

"मुदत संपत आली हो! सूर्य बुडत आला हो! आवरा, आवरा!"

सूर्य डोंगराला टेकला होता. टोपी शिवायची कधी? पाटीनं ऊन खायचं कधी?

शिंपी उडाली. उंच, उंच. कधी गेली नव्हती इतकी उंच.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, थोडं थांबा.
हत्तीण पाणी उडवेना,
पाटी वीज करेना,
तार वीज आणेना,
फोन आकडा सांगेना,
कॉम्प्युटर दार उघडेना,
चिंगीचं करवंद मिळेना!"

"नाही थांबणार!" सूर्य म्हणाला. "एकीसाठी थांबलो तर झालंच!"

"एकीसाठी नाही, आजोबा. खाली बघा ना."

सूर्यानं खाली पाहिलं. कोठीच्या वाटेवर ससा पळत होता. त्याच्या मागे बेडूक. डराँव डराँव. आणि सगळ्यात मागे गोगलगाय. सकाळीच निघाली होती बिचारी. अजून वडापाशीच होती.

"अरे बापरे, ही कधी पोचणार?" सूर्य हसला. हसता हसता डोंगरावर बसला. "बरं. मुदत वाढवतो. गोगलगाय दारात पोचेपर्यंत. त्याच्या पुढे मात्र नाही हं!"

"मुदत वाढली हो!" कोतवाल नाचायलाच लागला. "मुदत वाढली, मुदत वाढली!"

शिंपी खाली आली. सूंऽऽऽ!

तिनं पान घेतलं. त्यावर दुसरं पान ठेवलं. चोच झाली सुई. कोळ्याचं जाळं झालं दोरा. खुप् सर्र. खुप् सर्र. खुप् सर्र. टोपी तयार!

गुंडूनं टोपी घातली. रडणं थांबलं. सोंड हलवून म्हणाला, "आई, मी मोठा दिसतो ना?"

"मोठा? तू तर राजा दिसतोस!"

आणि मग?

हत्तीणीनं पाणी उडवलं. फुस्स्स!
पाटी चकचकीत झाली. चम चम!
पाटीनं वीज केली. वीज तारेत शिरली. झुंईऽऽऽ!
तारेनं ती फोनला दिली. गटगटगट!
फोननं डोळे उघडले. ट्रिंग!

"पाच, पाच, दोन, सात!" फोन म्हणाला. "पळ, पळ! हा आकडा लवकर विरतो!"

टुण टुण, भुर्र! पाच, पाच, दोन, सात.
टुण टुण, भुर्र! पाच, पाच, दोन, सात.

वाटेत माकडदादा भेटला. "काय गं, कुठं निघालीस?"

"पाच, पाच, दोन, सात!" शिंपी म्हणाली. थांबलीच नाही.

वडाच्या पुढे गोगलगाय भेटली. "शिंपीताई, जा, जा पुढे! मी सावकाश येते. मी येईपर्यंत दार उघडंच आहे!"

शिंपी कोठीशी पोचली. टक. टक. टक. टक.

हिरवा डोळा लुकलुकला. एकदा. परत एकदा.

"टिंग! तू तूच आहेस."

दार उघडलं. कर्रर्र! आतून एक करवंद आलं. गड गड गड. काळंभोर. टप्पोरं. शिंपीच्या पायाशी येऊन थांबलं.

शिंपीनं ते चोचीत धरलं. छाती फुगवली. शेपूट आणखी वर केलं.

टुण टुण, भुर्र!

चिंगी अजून चोच उघडून बसली होती.

"आई, कोंबडा की कोंबडी?"

करवंद आतून लाल असलं की कोंबडा. पांढरं असलं की कोंबडी.

"तूच बघ, राणी."

चिंगीनं चोच मारली. पच्चक! लाललाल रस उडाला. गोटूच्या नाकावर. छोटूच्या डोक्यावर.

"कोंबडाऽऽऽ!" चिंगी ओरडली.

"कुकूऽच कूऽऽ!" तिघंही ओरडली.

तिकडे कोठीच्या दारात गोगलगाय पोचली. हुश्श! आणि सूर्य हसत हसत बुडाला. डुबुक!

गोष्ट संपली. ओवीचं ताटही संपलं होतं. तिनं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "मामा, तुझं पण करवंद जातं का कोठीत?"

"जातं," मी म्हणालो. "टेम्पोच्या भाड्यातून थोडं कापलं जातं."

"मग तू मागितलंस?"

मी मान हलवली. नाही. चारचौघांत विचारायची मला लाज वाटते.

"शिंपी तर एवढीशी होती!" ओवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो सेवा केंद्रासमोर उभा केला. पायरीवर जरा घुटमळलो. मग आत गेलो. तिथं एक ताई कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. मी म्हणालो, "माझा कापलेला कर परत मागायचाय. रिटर्न भरायचंय." जरा मोठ्यानंच म्हणालो. रांगेतले सगळे वळले.

"बसा की," ताई म्हणाल्या. "ओटीपी येईल. फोनला चार्जिंग आहे ना?"

मी फोन वर धरला. पूर्ण चार्ज होता.