रिकाम्या पाळण्याचं बारसं

त्या वर्षी जीवनबुवा महाराजांचा मुक्काम शेवरवाडीला होता, कोष्टीआळीतल्या मारुतीच्या पारावर. सकाळी चार घरं माधुकरी मागायची आणि दिवसभर पारावर नामस्मरण करायचं, असा महाराजांचा नेम.

याच आळीत सोपान कोष्टी आणि त्याची बायको गजरा राहत. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर गजरेला दिवस राहिले. दिवस पुरे भरले, मुलगी झाली, पण ती रडलीच नाही! सोपाननं तिला ओढ्याकाठी पुरलं. गजरेला तोंडही धड पाहू दिलं नाही हो कुणी! घरात सत्ता थोरल्या नणंदेची, भागूअक्कांची. विधवा बाई, जिभेला धार. त्यांनी सांगून टाकलं, "जिनं श्वास घेतला नाही, तिचं सुतक कसलं आणि रडणं कसलं? नावसुद्धा नव्हतं तिला. चला, मागावर बसा."

नाव नव्हतं, हेच तर गजरेच्या काळजाला लागलं होतं. दुधानं पदर भिजायचा, जीव तीळतीळ तुटायचा, आणि लेकीला हाक मारावी तर काय म्हणून? तिनं अन्नपाणी सोडलं. अंगात ताप भरला.

अकराव्या दिवशी महाराज दारात आले. गजरेनं भिंतीला धरून येऊन झोळीत भाकरी घातली आणि पायांशीच कोसळली. "महाराज, ती परत येणार नाही, कळतंय मला. पण तिला हाक तरी मारता येऊ दे!"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "उद्या बारावा दिवस ना, बाळ? पाळणा टांगा, घुगऱ्या शिजवा. बारसं करू."

अक्का कडाडल्या, "रिकामा पाळणा कुणी हलवतं का? गाव तोंडात शेण घालील! बुवा, तुम्हाला ना बायको ना पोर, तुम्हाला काय कळणार?"

"खरं आहे, अक्का," महाराज शांतपणे म्हणाले. "म्हणून तर नाव तुम्हीच ठेवायचं. आत्याचा मान तुमचा."

दुसऱ्या दिवशी सोपाननं पाळणा टांगला. शेजारणी आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. अक्का पदर खोचून पाळणा उतरवायला धावल्या, तर तो तसूभर हलेना! दोर ताणलेले, वरची तुळई करकरते आहे. आत दुपट्यावर इवलासा खळगा पडला होता. अक्कांनी हात लावला. दुपटं ऊबदार होतं!

"अक्का, लेकरू वाट पाहतंय," महाराज म्हणाले.

अक्का पाळण्यावर वाकल्या. कुर्र करून म्हणाल्या, "इंदू."

"इंदू! अगं माझी इंदू!" गजरेनं हंबरडा फोडला. बारा दिवसांचं साठलेलं रडू एकदाचं बाहेर आलं. सोपानही भिंतीकडे तोंड करून रडला.

अक्का मात्र उठल्या नाहीत. दुपट्याला ओठ लावून त्या पुन्हा पुटपुटल्या, "आणि तू रघुनाथ."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. अक्का तशाच वळल्या आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझाही असाच गेला, महाराज. चाळीस वर्षं झाली. मला कुणी रडू दिलं नाही, मी हिला दिलं नाही. चुकले मी!"

गजरा डोळे पुसत जवळ येऊन बसली आणि तिनं नणंदेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.