पाहुणे हत्ती आणि तुंगा

ही गोष्ट फार जुन्या काळातली. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि रानातले ओंडके हत्तीच ओढून आणत.

एका राज्यात हत्ती थोडे आणि कामं फार होती. दक्षिणेच्या डोंगरातलं एक लहानसं राज्य मोडलं, तेव्हा इथल्या राजानं तिथले हत्ती आपल्या हत्तीखान्यात आणवले. हत्ती आले, पण त्यांचे माहूत आले नाहीत. कुणी लढाईत पडले होते, कुणी परागंदा झाले होते.

इथले माहूत त्यांच्या पाठीवर चढले आणि हुकूम देऊ लागले. हत्ती नुसते कान हलवत उभे. जनावरं शहाणी होती, कामसू होती. पण जे शिकली होती ते दुसऱ्याच भाषेत.

त्या हत्तीखान्यात तुंगा नावाची एक विधवा वैरण टाकायला येई. ती त्याच डोंगरातल्या माहुताची लेक, लग्न होऊन इकडे आलेली. तिचा नवराही माहूतच होता. तो तापानं गेला. हत्ती असे बावरलेले पाहून तिच्या तोंडून माहेरचा एक शब्द आपसूक निघाला. पुढे उभी असलेली रंगी नावाची हत्तीण एकदम वळली, सोंड लांब केली आणि समोरचा ओंडका अलगद उचलला.

त्या दिवसापासून तुंगाचं काम ठरून गेलं. माहूत वरून हुकूम देई. तुंगा खाली कडेला उभी राहून तोच हुकूम हत्तींच्या भाषेत हाळी घालून सांगे.

वाटतं तेवढं हे सोपं नव्हतं. इथं 'उचल' हा एकच शब्द. तिकडे ओंडका उचलायचा शब्द वेगळा, पाय उचलायचा वेगळा, माणसाला पाठीवर घ्यायचा वेगळा. माहुताच्या मनात यांतलं काय आहे, ते तुंगाला त्याच्या नजरेवरून ओळखावं लागे. काही शब्द तर घातकी होते. इथं 'धत' म्हणजे थांब. तिकडे 'धत' म्हणजे पुढे हो! म्हणून तिनं आधी हत्तींना एकच गोष्ट शिकवली: वरचा काहीही म्हणो, ऐकायचा तो माझा आवाज.

त्यात हुकूमही बदलत. हत्तीखान्यावर नवा दरोगा आला की जुने शब्द मोडून नवे काढी. माहूत चुकत, विसरत. तुंगाला चुकून चालत नसे. चूल फुंकतानाही ती ते शब्द पुटपुटत राही. घसा बसला की ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरी आणि सकाळी पुन्हा उभी राही.

वर्षं गेली. काम इतकं बिनबोभाट चालू लागलं की तिचा आवाज कुणाला ऐकूच येईनासा झाला. परगावचे पाहुणे म्हणत, "काय शब्द झेलतात तुमचे हत्ती!" माहूत मिशांना पीळ देत. फक्त तिच्या नवऱ्याचा जुना सोबती सटवाजी, जो रंगीचा माहूत होता, तो म्हणे, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आमची मिशी आहे."

तुंगा हसून म्हणे, "भावजी, हत्ती पोटभर खातात, कुणाच्या अंगाला ओरखडा येत नाही. मला आणखी काय हवंय?"

मग एक नवा दरोगा आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला उगाच काही चाललेलं खपत नसे. त्यानं विचारलं, "ही बाई दिवसभर ओरडते कशाला?"

माहूत एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा त्यानं माहुतांना सरळ विचारलं, "हत्ती कुणाचं ऐकतात? तुमचं की हिचं?"

प्रश्न आब्रूचा होता. "आमचं, सरकार," माहूत म्हणाले. दरोग्यानं सटवाजीकडे पाहिलं. सटवाजीनं मान खाली घातली आणि तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

तुंगा पुढे झाली. "सरकार, मला काढायचं तर काढा. पण हा एक उन्हाळा थांबा. तेवढ्यात मी हत्तींना तुमचे शब्द शिकवते."

"इतकी वर्षं जे शब्द पाळतायत, ते आणि शिकवायचे?" दरोगा हसला. माहूतही हसले.

त्याच दिवशी तुंगाला काढलं. हत्तीखान्याच्या दाराशी सटवाजीनं तिला गाठलं. "वहिनी, माझी जीभच रेटली नाही हो."

तुंगा त्याला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "रंगीपुढं उभं राहू नका, भावजी. आणि तिला धत म्हणू नका." त्यानं मान हलवली.

पहिले काही दिवस हत्ती कडेच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. माहुतांनी अंकुश चालवले. तेव्हा ती गरीब जनावरं वरच्यांचेच शब्द कानात प्राण आणून ऐकू लागली, अंदाजानं वागू लागली. कधी जमे, कधी फसे. दरोगा म्हणाला, "बघा, चाललंच की!"

एके दिवशी नदीच्या उतारावर रंगी सागाचा मोठा ओंडका कपाळानं ढकलत होती. ओंडक्याखाली धोंडा अडकला. तो काढायला सटवाजी खाली उतरला आणि पुढे वाकला. तेवढ्यात ओंडका हलला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी विचार करून शब्द येत नाही, जन्मभराचा येतो. सटवाजी ओरडला, "धत! रंगी, धत!"

रंगीनं ऐकलं. ती पुढे झाली. तो आणखी मोठ्यानं ओरडला. ती आणखी पुढे झाली.

तुंगा धावत आली तेव्हा रंगी सटवाजीच्या अंगावरून सोंड फिरवत उभी होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती. "हत्तीण पिसाळली," लोक म्हणत होते.

तुंगानं विचारलं, "ते काय म्हणाले होते?"

एका माहुतानं सांगितलं. तुंगा रंगीजवळ गेली. "पिसाळली नाही रे ती," ती म्हणाली. "तिनं ऐकलं. नुसतं ऐकलं."

ज्या हत्तीनं माणूस मारला त्याला हत्तीखान्यात ठेवायचं नाही, नदीपलीकडच्या रानात सोडायचं, असा राजाचा जुना नियम होता. तुंगानं पदर पसरला. दरोग्याचाही चेहरा उतरला होता, पण नियम मोडायची हिंमत त्याला झाली नाही. रंगी दुसऱ्या कुणाच्यानं हलेना. शेवटी ते कामही तुंगाच्याच वाट्याला आलं.

उथळ पाण्यातून ती रंगीला पलीकडे घेऊन गेली. रानाच्या तोंडाशी थांबून तिनं चालायचा हुकूम दिला. रंगी थोडी चालली, थांबली, वळून पुढच्या हुकमाची वाट पाहू लागली. तुंगानं पुन्हा हाळी दिली. पुन्हा तेच. परत ये म्हणायचा शब्द तिच्या ओठांवर येत होता, तो ती गिळत होती. जिथवर आवाज पोचला, तिथवर रंगी चालत राहिली.

पुढं लाकूडतोड्यांनी सांगितलं की हत्तीण रानात गेलीच नाही. जिथं आवाज संपला तिथंच नदीकडे तोंड करून उभी होती. आजूबाजूचा पाला तिनं तोडला नाही. कडक उन्हाळ्यात ती तिथंच बसली ती पुन्हा उठलीच नाही.

दरोगा तुंगाच्या दारी आला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "परत चल."

ती गेली, त्याच्यासाठी नव्हे, उरलेल्या हत्तींसाठी. मागितलेला उन्हाळा आता तिला न मागता मिळाला. तिनं हत्तींना इथले शब्द शिकवले आणि माहुतांना हत्तींचे. शिकवता शिकवता तिचा घसा कायमचा गेला. मग ती वैरण टाकायला येई आणि दुपारी सटवाजीच्या बायकोजवळ जाऊन बसे.

म्हणून, मुलांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: जे काम बिनबोभाट चालतं त्यामागं कुणीतरी जागं उभं असतं, त्याला बिनकामाचं समजून जो हाकलतो, त्याच्या चुकीचं मोल भलत्याच जिवांना द्यावं लागतं.