घुबडमंडळाची शपथ

एका राज्यात, जिथे पाखरांना वाचा होती आणि डोंगरांना कान होते, तिथे चित्रसेन नावाचा राजा होता. राजा भला, पण हौशी. एकदा त्याने जुन्या विहिरीचा गाळ उपसविला. तळाशी मोहरांनी भरलेला हंडा निघाला. हंडा होता काळ्या डोंगरावरच्या शिळावती चेटकिणीचा, आणि त्यावर तिचा शाप होता. राजाने हंड्याला हात लावला मात्र, त्याची पावले दगडाची झाली. मग पोटऱ्या, मग गुडघे. दगड रोज थोडा थोडा वर चढे. राजा सिंहासनावर बसून न्यायनिवाडा करी आणि हसून म्हणे, "बरे झाले, जोड्यांचा त्रास गेला." त्याची कन्या कनकलेखा मात्र पाठ वळवून डोळे पुशी.

राजज्योतिषी म्हणाला, "हंडा जिचा तिला परत द्यावा. शाप तीच उतरवील. पण नेणाऱ्याने वाटेत झाकण उघडू नये."

एकामागून एक सरदार निघाले. प्रत्येकाने वाटेत झाकण उघडले, प्रत्येकाचा कावळा झाला. हंडा दर वेळी आपोआप विहिरीपाशी परत येई. मग कोणी पुढे येईना. राजा कमरेपर्यंत दगड झाला.

त्याच नगरात एक अतिगुप्त घुबडमंडळ होते. त्यात सभासद तिघे. गणोजी तेली हा महागुप्त, म्हादबा शिंपी उपमहागुप्त आणि वैद्य नारोपंत सर्वगुप्त. घाण्यामागच्या खोलीत ते रोज जमत, पागोट्यात घुबडाचे पीस खोवीत, परवलीचा शब्द कानात सांगत. पण नारोपंत बहिरे. त्यांच्या कानात सांगायचे म्हणजे ओरडावे लागे. त्यामुळे मंडळाचा परवलीचा शब्द गावच्या शेळ्यांनाही पाठ होता.

एके दुपारी त्या खोलीचे दार वाजले. बाहेर राजकन्या उभी.

गणोजीचा चेहरा उतरला. "ही गुप्त जागा आपल्याला कोणी दाखविली?"

"रस्त्यातल्या पहिल्याच माणसाने," कनकलेखा म्हणाली. "काका, तुमची शपथ मी राजवाड्याच्या गच्चीवरून ऐकली आहे. दुःखिताची हाक येईल तेव्हा मंडळ धावेल, असे तुम्ही रोज म्हणता. मी हाक मारायला आले आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. शपथेचा अर्थ असा दारात येऊन उभा राहील, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. म्हादबा दाराआड सरकला. पण गणोजीने पागोटे सारखे केले नि तो म्हणाला, "मंडळ धावेल."

हंड्याला हात न लावता तो त्यांनी दोरीने काठीला टांगला आणि खांद्यावर घेऊन निघाले. चालता चालता वाटेत नदी लागली. पाणी उभे राहून गर्जत होते. काठी एका वडाच्या बुंध्याला टेकवून ते थांबले, तर फांदीवरचा धनेश पक्षी बोलला, "ज्याचे नाव मोठे त्याला नदी वाट देत नाही. किताब पाण्यात सोडा."

म्हादबाने उपमहागुप्तपण सोडले, नारोपंतांनी सर्वगुप्तपण सोडले. गणोजी बराच वेळ काठावर उभा राहिला. "माझ्याजवळ दुसरे काय आहे?" तो पुटपुटला, आणि त्यानेही सोडले. नदी दुभंगली. ते पार झाले.

पुढे खिंडीत दगडी दार होते. दार म्हणाले, "मंडळाचे गुपित सांगा. खोटे बोललात तर इथेच भिंतीत जाल."

गणोजी खाली पाहू लागला. "मंडळाला गुपितच नाही," तो म्हणाला. "बायको गेली, तेव्हापासून घर खायला उठे. नुसते येऊन बसत जा, असे कोणाला म्हणायची लाज वाटली. म्हणून गुप्त मंडळ काढले."

म्हादबा हळूच म्हणाला, "आम्हाला ठाऊक होते. म्हणून तर येत होतो."

दार उघडले.

काळ्या डोंगराच्या माथ्यावर शिळावती केस विंचरीत बसली होती. तिने हंडा पाहिला, झाकण पाहिले, आणि कंगवा खाली ठेवला. "कोणी न उघडता आणला, असे प्रथमच झाले. शाप उतरवते. पण शाप हवेत राहत नाही. राजाच्या अंगचा दगड कोण घेतो?"

गणोजी पुढे झाला. "माझ्या मागे रडणारे कोणी नाही. मी घेतो." त्याने हात पुढे केला. बोटे दगडाची झाली, मग मनगट, मग कोपर.

म्हादबाला वाटले, पळावे. पण त्याने धावत जाऊन गणोजीचा दुसरा हात धरला. दगड त्याच्याही हातात शिरला. नारोपंतांना यातले काहीच ऐकू गेले नव्हते. दोघांनी हात धरले आहेत असे पाहून त्यांनीही म्हादबाचा हात धरला आणि विचारले, "काय चालले आहे?"

म्हादबा त्यांच्या कानात ओरडला, "आपण दगड होतो आहोत!"

नारोपंतांनी क्षणभर विचार केला. "मग नीट धर," ते म्हणाले.

शापाला एक माणूस गिळणे ठाऊक होते, तिघांत वाटून जाणे ठाऊक नव्हते. तो या हातातून त्या हातात फिरला, थकला, विरत गेला. शेवटी प्रत्येकाची डाव्या हाताची करंगळी तेवढी दगडाची राहिली. शिळावती खूप वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने हंडा उचलला आणि ती आपल्या गुहेत गेली.

त्याच घटकेला चित्रसेन राजा सिंहासनावरून उठला. झाडाझाडांवरचे कावळे खाली उतरून पुन्हा सरदार झाले आणि माना खाली घालून घरोघर गेले. विहीर बुजविली. राज्य रीतीवर आले.

राजाने तिघांना पंक्तीला बोलाविले. वाढायला तो स्वतः उठला, अनवाणी, पानापानाशी वाकत. गणोजीने पाण्याचा पेला उचलला, पण करंगळी वळेना. पेला निसटला, पाणी सांडले, गणोजी ओशाळला. राजा त्याच्यासमोर खाली बसला. त्याने पेला पुन्हा भरला, गणोजीच्या ओठांशी धरला आणि म्हणाला, "सावकाश प्या. मला कुठेही जायचे नाही."

त्यांचे कुशल झाले, तसे ऐकणाऱ्यांचेही होवो.