कापायचं कुठं

“कापणार कधी, तेवढं सांगा उस्ताद.”

बाबालाल मिस्त्री एका जीपच्या चाकाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठं कापायचं ते ठरू दे की आधी.”

“ठरलंय! पत्रा कापून ऑटोमॅटिक काढायचं, मॅन्युअल बसवायचं. दोन महिने हेच सांगतोय मी.”

उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये इंद्रसेन खानविलकर एका जागी उभा राहत नव्हता. दारापर्यंत जायचा, परत यायचा. मध्ये त्याची पिवळी स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्या शेजारी लाकडी पेटी. पेटीत परदेशातून मागवलेला गिअरबॉक्स, फ्लायव्हील आणि क्लचचं पेडल. पेटीचा एक खिळाही अजून निघाला नव्हता.

इंद्रसेन बाबालालांचाच चेला. एकोणिसाव्या वर्षी याच शेडमध्ये तो पाने पुसायला लागला आणि इथंच गाडी शिकला. पुढं घाटातल्या शर्यती मारल्या. तीन ढाली त्याच्या दिवाणखान्यात आहेत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या बघाव्या लागतात, मग चहा मिळतो.

“गाडी झकास आहे,” बाबालाल म्हणाले.

“झकास? माझ्या पोरीचं कपाळ फोडलंय तिनं!”

…

ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो. डाव्या पायाला काहीच काम नसतं. ब्रेकचं पेडल मात्र चांगलं रुंद असतं.

चार महिन्यांपूर्वी, घराच्या वळणावर, इंद्रसेननं गिअर उतरवायला म्हणून क्लच दाबला. डावा पाय रुंद ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. घर आलं म्हणून अनुजानं पट्टा सोडला होता. वय वर्षं अकरा. कपाळावर सात टाके.

दवाखान्यात तिनं विचारलं होतं, “बाबा, ब्रेक का मारलास?”

“मी नाही मारला. गाडीनं मारला.”

त्या दिवसापासून ती त्याच्या गाडीत बसलेली नाही. शाळेला रिक्षानं जाते. रिक्षावाल्याशी पोटभर गप्पा मारते. बापाशी कामापुरतं बोलते.

इंद्रसेननं कंपनीला सतरा पत्रं लिहिली. ग्राहक मंचाकडं तक्रार केली. ओळखीच्या बातमीदारांना फोन केले. सतरा पत्रांत ब्रेक होता, सॉफ्टवेअर होतं, भारतीय ग्राहकाची लूट होती. पाय एकाही पत्रात नव्हता.

…

“गाडीनं ब्रेक मारला म्हणतोस?” बाबालाल हात पुसत उठले.

“मी क्लच दाबला.”

“क्लच कुठं होता?”

“नव्हता! तेच तर बोंबलतोय मी. क्लच असता तर हे झालंच नसतं.”

“आणि उद्या मेव्हण्याची गाडी चालवलीस तर? ती पण कापू?”

“मी दुसऱ्याची गाडी चालवत नाही.”

“व्हय बाबा. तू ढालीवाला.”

इंद्रसेनचे कान लाल झाले. तो दारापर्यंत जाऊन आला.

“उस्ताद, थट्टा पुरे. क्लच बसला की मी अनुजाला सांगणार, बघ, ते भूत काढून टाकलं. मग ती बसेल. मला पोरगी गाडीत बसायला हवी आहे. बाकी मला काही ऐकायचं नाही.”

 बाबालालांनी गाडीचं दार उघडलं. पायाखालची रबरी मॅट ओढून काढली आणि ती उजेडात धरली.

डाव्या बाजूला मॅट झिजून आरपार भोक पडलं होतं. त्यातून बाहेरचा रस्ता दिसत होता.

“गाडी किती दिवसांची?”

“आठ महिने.”

“डाव्या पायाला या गाडीत काम काय?”

“काही नाही.”

“मग हे कुणी केलं?”

…

इंद्रसेननं मॅट हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मग एकदम उसळला.

“बघा! बघा की! पाय रोज क्लच शोधतोय. त्याला क्लच द्या. आजच्या आज पत्रा कापायला घ्या.”

“बरोबर आहे तुझं,” बाबालाल म्हणाले. “आजच खूण करतो. कापायच्या जागेवर.”

त्यांनी खिशातून खडू काढला. पत्रा कापण्याआधी ते नेहमी खडूनं रेघ मारतात. इंद्रसेन पहिल्यांदा एका जागी उभा राहिला.

बाबालाल वाकले. गाडीकडं गेलेच नाहीत. इंद्रसेनच्या डाव्या बुटावर, घोट्याच्या जरा खाली, त्यांनी एक सरळ पांढरी रेघ ओढली.

“इथं.”

…

इंद्रसेननं पाय झटकन मागं ओढला.

“पंचवीस वर्षांची ओळख आहे, म्हणून सोडतो,” तो म्हणाला. “दुसरा कुणी असता तर दात पाडले असते. पेटी न्यायला उद्या टेम्पो पाठवतो.”

तो गाडी घेऊन गेला. फाटकातून बाहेर पडताना गाडीला एक हिसका बसला. बाबालाल पुन्हा जीपच्या चाकाशी बसले.

बूट शर्यतीचे होते, काळ्या मऊ कातड्याचे. घरी पोचल्यावर इंद्रसेननं ती रेघ हातानं घासली, रुमालानं घासली. पसरली, गेली नाही.

दारात अनुजा शाळेची बॅग उतरवत होती.

“बाबा, बुटाला काय लागलंय?”

पुढं त्या दोघांत काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. इंद्रसेननं ते कधी सांगितलं नाही.

टेम्पो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

…

चौथ्या दिवशी दुपारी पिवळी गाडी शेडसमोर येऊन थांबली. हळू थांबली.

डाव्या दारातून अनुजा उतरली. तिच्या हातात बापाचा डावा बूट होता. उजव्या दारातून इंद्रसेन उतरला. एका पायात बूट, दुसरा अनवाणी.

“हे काय सोंग?” बाबालालांनी विचारलं.

“मी काढायला लावला,” अनुजा म्हणाली. “बूट माझ्याकडं असला की त्या पायाच्या लक्षात राहतं, आपल्याला काम नाही.”

“गाडी कोण चालवत होतं?”

“बाबा.”

“आणि त्या दिवशी ब्रेक कुणी मारला होता?”

पोरगी बापाकडं बघायला लागली.

“मी मारला होता,” इंद्रसेन म्हणाला.

शेडमध्ये कुणीतरी लेथ बंद केला.   यावेळी इंद्रसेन दारापर्यंत गेला नाही.

“राहू दे उस्ताद. काही कापायला नको. गाडी आहे तशी चांगली आहे.”

बाबालालांनी भिंतीवरची खिळे उपसायची कटावणी काढली आणि त्याच्या हातात दिली.

“कापायचं होतं ते कापून झालं. मग आता उघड ती पेटी, क्लच बसवू.”